अमेरिकेतल्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या: वर्षभर दाखवतात काय, आणि दिवाळखोरीत गेल्या कशा?

नोंदवही यांचा प्रश्न

अमेरिकेतल्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्यांवर एक टिपण तयार करते आहे. म्हणजे एमएसजी, नेसन, येस, जुनी फॉक्स स्पोर्ट्स नेट ही मंडळी. देशभर दिसणारी ईएसपीएन नव्हे. वाचलेल्या काही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत.

एमएसजीची सुरुवात एके ठिकाणी १९६९ दिली आहे आणि दुसरीकडे १९७७. यातलं कुठलं धरायचं? बेसबॉल संघाचे एका हंगामात १६२ सामने असतात हे समजलं, पण वाहिनी तर बारा महिने चोवीस तास चालते. मग उरलेला वेळ भरतात कशाने? ब्लॅकआउटचंही कोडं आहे. स्थानिक प्रेक्षकालाच स्थानिक संघ दिसत नाही, हे नेमकं कुठे ठरतं: करारात, उपग्रहावर की केबल कंपनीच्या यंत्रात? आणि लोक सामने बघत असताना यातली सर्वांत मोठी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत कशी गेली?

---

तार_आणि_तबकडी

दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त वाहिन्या दोन वेगळ्या आहेत. १९६९ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या केबल ग्राहकांना मॅडिसन स्क्वेअर गार्डन (एमएसजी) या क्रीडागृहातले सामने घरी दिसू लागले: निक्सचं बास्केटबॉल आणि रेंजर्सची आइस हॉकी. घरच्या मैदानावरचे सामने फुकट दाखवले तर तिकीट खिडकी ओस पडेल अशी तेव्हा क्लबांना धास्ती होती. पैसे मोजणाऱ्या केबल ग्राहकापुरते दाखवले तर चालतील, या तडजोडीतून ही वाहिनी निघाली. आजची एमएसजी ती हीच. १९७७ मध्ये गार्डनचंच नाव घेऊन उपग्रहावरून देशभर जाणारी वेगळी वाहिनी सुरू झाली आणि १९८० मध्ये तिचं नाव यूएसए नेटवर्क झालं. तुमच्या टिपणाला १९६९ च लागू आहे.

मात्र सुरुवातीच्या सालापेक्षा वसुलीची पद्धत कधी बदलली याकडे जास्त लक्ष द्या. फिलाडेल्फियाची प्रिझम १९७६ मध्ये आली. तिच्यावर चित्रपट आणि सामने एकत्र असत आणि ती घ्यायची तर केबलच्या बिलावर वेगळी रक्कम भरावी लागे. बॉस्टनची न्यू इंग्लंड स्पोर्ट्स नेटवर्क, म्हणजे नेसन, २१ मार्च १९८४ ला सुरू झाली तीही अशीच स्वतंत्र वर्गणीची. ज्याला बघायचं त्यानेच पैसे द्यायचे, असा सरळ व्यवहार होता. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मालक जेरी बस आणि केबल उद्योगातले बिल डॅनियल्स यांनी प्राइम टिकिट काढली ती मूळ केबल पॅकेजमध्येच घालून. म्हणजे बास्केटबॉल न बघणाऱ्या घराकडूनही दर महिन्याला थोडे पैसे येणार. या धंद्याचा खरा जन्म मी इथे धरतो. नेसनला स्वतंत्र वर्गणी सोडून मूळ पॅकेजमध्ये यायला २००१ उजाडलं.

पुढचा टप्पा साखळीचा. १९९६ मध्ये फॉक्स आणि लिबर्टी मीडिया यांनी प्राइम नावाने चालणाऱ्या वाहिन्यांना एकत्र करून फॉक्स स्पोर्ट्स नेट उभी केली. दुसरी मोठी साखळी स्पोर्ट्सचॅनेलची होती. तिच्यात १९९७ मध्ये हिस्सा घेतल्यावर १९९८ पासून त्याही वाहिन्या फॉक्सच्या नावाने दिसू लागल्या.

त्यानंतर क्लबांच्या लक्षात आलं की हक्क विकण्यापेक्षा वाहिनीच आपली असावी. न्यूयॉर्कच्या यँकीज या बेसबॉल संघाने १९८८ मध्ये एमएसजीशी १२ वर्षांचा ४८.६ कोटी डॉलरचा करार केला होता, आणि त्या काळी तो आकडा ऐकून लोक थक्क झाले होते. तो संपल्यावर १९ मार्च २००२ ला त्यांनी येस सुरू केली. केबलव्हिजन या केबल कंपनीचं म्हणणं होतं की वाहिनी ज्याला हवी त्यालाच वेगळ्या वर्गणीवर देऊ. येसचं म्हणणं, मूळ पॅकेजमध्ये सगळ्यांना द्या आणि प्रत्येक घरामागे महिन्याला सुमारे दोन डॉलर आम्हाला द्या. या वादात २००२ चा अख्खा हंगाम सुमारे ३० लाख घरांना यँकीज या वाहिनीवर दिसले नाहीत. तडजोड झाली ती २००३ मध्ये.

---

मधला_डाव

कार्यक्रमांचं मी सांगतो. आधी हिशेब करू, म्हणजे पोकळी किती मोठी आहे ते दिसेल.

वर्षाचे तास ८,७६०. बेसबॉलचे १६२ पैकी काही सामने राष्ट्रीय वाहिन्या आणि स्ट्रीमिंगवाले एकट्यासाठी उचलतात, तेव्हा स्थानिक वाहिनीकडे साधारण १५० धरा. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळमर्यादा, आल्यापासून नऊ डावांचा सामना सरासरी २ तास ४० मिनिटांत आटोपतो. आदल्या वर्षी ३ तास ४ मिनिटं लागत. म्हणजे सामन्यांचे ४०० तास. आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास गप्पा, त्याचे १५०. त्याच वाहिनीकडे बास्केटबॉलचा संघ असेल तर ७० सामने अडीच तासांचे, म्हणजे १७५ तास, वर आधी-नंतरचे ७०. एकूण झाले ७९५. दोन मोठे संघ हाताशी असूनही थेट प्रक्षेपण आणि त्याच्या आजूबाजूचा वेळ वर्षाच्या जेमतेम नऊ टक्के भरतो.

उरलेल्यातला मोठा भाग पुनःप्रक्षेपणाचा. रात्रीचा सामना मध्यरात्रीनंतर पूर्ण आणि दुसऱ्या दिवशी कापून एक किंवा दोन तासांत. कापताना प्रत्येक धाव, प्रत्येक गोलंदाज-बदल आणि त्याच्या आधीचा एखादा चेंडू ठेवतात, कारण नुसते फटके जोडले तर धावफलकाची पट्टी अचानक उडी मारते आणि बघणाऱ्याचा धागा सुटतो.

दुपारी स्वस्तात जागा भरायची तर रेडिओ. स्टुडिओत तीन-चार कॅमेरे लावायचे आणि रेडिओवरचा बोलका कार्यक्रम तसाच दूरचित्रवाणीवर सोडायचा. येसने २००२ पासून डब्ल्यूएफएएन या रेडिओ केंद्राचा 'माइक अँड द मॅड डॉग' असाच दाखवला. पाच तासांचा कार्यक्रम, आणि खर्च एका साध्या स्टुडिओचा. शिवाय येसने स्वतःचं टिकाऊ साहित्य तयार केलं: जुन्या खेळाडूंवरचे 'यँकीऑग्राफी'चे भाग आणि मायकल के यांची 'सेंटरस्टेज' ही मुलाखतमाला. असा चरित्रपट एकदा केला की वर्षानुवर्षं कुठल्याही रिकाम्या तासात बसतो, म्हणून त्यावर केलेला खर्च वाया जात नाही. रोजच्या बातमीपत्राचं याच्या उलट. फॉक्स स्पोर्ट्स नेटने २००० मध्ये प्रत्येक प्रदेशासाठी वेगळं बातमीपत्र सुरू केलं आणि २००२ मध्ये गुंडाळलं. प्रत्येक शहरात निवेदक, संपादक, कॅमेरे लागत आणि दुसऱ्या दिवशी तो कार्यक्रम शिळा. त्याच साखळीचा देशभर एकच जाणारा 'द बेस्ट डॅम स्पोर्ट्स शो पीरियड' मात्र २००१ ते २००९ टिकला.

याखेरीज शालेय आणि महाविद्यालयीन सामने, प्रशिक्षकांचे साप्ताहिक कार्यक्रम, पोकर, मासेमारी. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात बहुधा पैसे घेऊन दाखवलेले अर्ध्या तासाचे विक्रीचे कार्यक्रम. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत; ज्या तासाला प्रेक्षक नाही त्या तासाला तेच उत्पन्न देतात.

अमेरिकन फुटबॉल का नाही, असा प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. १९६१ च्या स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग कायद्याने लीगला सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने नियमित हंगामाचे सगळे सामने तसेच विकले, त्यामुळे स्थानिक पातळीवर विकायला हंगामापूर्वीचे सराव सामनेच उरले. बेसबॉलच्या प्लेऑफचंही, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांचंही, तसंच: ऑक्टोबरमध्ये आपला संघ जिंकत असला तरी स्थानिक वाहिनीला सामना दाखवता येत नाही, फक्त सामन्यानंतरची चर्चा करता येते.

---

नोंदवही

नऊ टक्क्यांचा हिशेब फारच उपयोगी आहे. पाऊस आला किंवा दोन संघांचे सामने एकाच वेळी पडले तर काय करतात?

---

मधला_डाव

पावसासाठी जुना सामना किंवा चरित्रपट आधीच रांगेत लावलेला असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं मैदानावरच राहतात, समालोचक बोलत राहतात. मैदान झाकलं गेलं आणि लवकर सुरू व्हायचं चिन्ह नसलं की स्टुडिओ, आणि त्यानंतर रांगेतलं साहित्य. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे परतायला कुठेही जागा नसलेला सलग कार्यक्रम लावणं. दर सहा-सात मिनिटांनी तोडता येईल असं साहित्य हवं, नाहीतर खेळ सुरू होतो आणि पहिला फलंदाज बाद झाल्यावर प्रेक्षक परततो.

सामने एकमेकांवर पडण्याचे दिवस ठरलेले असतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बेसबॉल सुरू झालेलं असतं आणि बास्केटबॉल, हॉकी संपलेली नसते. त्यासाठी 'प्लस' नावाची जोडवाहिनी ठेवतात, जी एरवी बंद असते. अडचण अशी की केबल कंपनीने ती अनेकदा फक्त साध्या चित्रगुणवत्तेत किंवा भलत्याच क्रमांकावर ठेवलेली असते. म्हणून सामना तिकडे हलवण्याआधी पडद्यावर क्रमांकासह सूचना फिरवावी लागते.

---

सिग्नलवाला

ब्लॅकआउटचं उत्तर: ठरतो करारात, लागू होतो यंत्रात. आणि लोक तीन वेगळ्या गोष्टींना ब्लॅकआउट म्हणतात.

सामन्याआधीची चर्चा दिसते आणि नेमका सामनाच सुरू होताना पाटी येते, तर तो खरा ब्लॅकआउट. त्याचे दोन प्रकार. तो सामना राष्ट्रीय वाहिनीने एकट्यासाठी घेतला आहे, किंवा तुम्ही त्या संघाला नेमून दिलेल्या हद्दीबाहेर आहात. अख्खी वाहिनीच गायब असेल तर तो ब्लॅकआउट नव्हे. केबल कंपनी आणि वाहिनी यांचा दरावरून वाद आहे. लीगच्या स्वतःच्या स्ट्रीमिंगवर उलटा प्रकार घडतो: हद्दीच्या आत असलेल्यालाच सामना बंद, कारण तिथला हक्क स्थानिक वाहिनीला विकलेला आहे. आयोवा राज्य बेसबॉलच्या सहा संघांच्या हद्दीत येतं: कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रुअर्स. राज्यात स्वतःचा एकही मेजर लीग संघ नाही, आणि बरीच वर्षं सहा संघ बंद होते. स्थानिक वाहिनी केबलवर मिळत नसेल तर त्या घराला दोन्ही दारं बंद व्हायची. केबल घरोघरी होती तोवर हा अन्याय फारसा कोणाला जाणवला नाही.

आता यंत्रणा. मास्टर कंट्रोलमधून, म्हणजे वाहिनीच्या प्रक्षेपण कक्षातून, मुख्य प्रवाह आणि पर्यायी प्रवाह असे दोन्ही वर जातात. प्रत्येक केबल केंद्रात जो रिसीव्हर असतो त्याला स्वतंत्र पत्ता असतो आणि पत्त्यांचे प्रदेशवार गट केलेले असतात. सामना सुरू होताना प्रवाहात एससीटीई-३५ या तांत्रिक मानकाची खूण जाते, आणि हद्दीबाहेरच्या गटातले रिसीव्हर पर्यायी प्रवाहाकडे वळतात. कोणत्या गटाला, कोणत्या वेळात, काय दाखवायचं ही नियमावली एससीटीई-२२४ या नमुन्यातल्या फाइलमधून आधीच पाठवलेली असते. थेट उपग्रह सेवेत हेच काम घरच्या पेटीत नोंदवलेल्या पिन कोडवरून होतं, आणि स्ट्रीमिंगमध्ये आयपी पत्ता किंवा मोबाइलचं जीपीएस बघून.

बिघडतं ते बहुतेक वेळा वेळेमुळे. पावसाने सामना दोन तास पुढे गेला किंवा दुसऱ्या दिवशी एकाला जोडून दुसरा ठेवला, आणि नियमावलीतली वेळ कोणी बदलली नाही, तर पाटी चुकीच्या कार्यक्रमावर बसते आणि सामना हद्दीबाहेर उघडा जातो. म्हणून शेवट घड्याळावर सोडायचा नाही. शेवटची खूण माणसाने सामना संपल्याचं बघून द्यायची, आणि फाइलमधली वेळ फक्त खूण चुकली तर आधार म्हणून ठेवायची, तीही दोन तास जास्तीची. स्ट्रीमिंगमध्ये दुसरी अडचण असते. मोबाइल कंपनीचा आयपी पत्ता कधी कधी शेकडो मैल दूरच्या शहराचा दिसतो, आणि हद्दीबाहेरच्या माणसाला हद्दीतला समजून सामना बंद होतो. स्थान-परवानगी चालू करून घरच्या वायफायवर पाहिलं की बहुधा सुटतं.

या विषयात कायद्याचीही एक फट होती, ती टिपणात जरूर घ्या. १९९२ च्या केबल कायद्यानुसार केबल कंपनीच्या मालकीच्या वाहिन्या प्रतिस्पर्ध्यांनाही द्याव्या लागत, पण हा नियम उपग्रहावरून जाणाऱ्या वाहिन्यांपुरता होता. कॉमकास्ट या केबल कंपनीची १९९७ मध्ये सुरू झालेली कॉमकास्ट स्पोर्ट्सनेट फिलाडेल्फिया जमिनीवरच्या तारांवरूनच पाठवली गेली, त्यामुळे उपग्रह सेवांना ती नाकारता आली. एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने ही फट २०१० मध्ये बुजवली.

---

हक्क_आणि_हप्ते

दिवाळखोरी समजायला काल्पनिक वाहिनी घेऊ. २० लाख घरं, प्रत्येकी महिना ५ डॉलर, म्हणजे वर्षाला १२ कोटी. क्लबला हक्कांचे ७ कोटी, आणि करारात दरवर्षी चार टक्के वाढ. घरं दरवर्षी आठ टक्क्यांनी कमी झाली तर पाच वर्षांनी सुमारे १३.२ लाख उरतात. दर वर्षाला तीन टक्क्यांनी वाढवला तरी उत्पन्न ९.२ कोटी, आणि हक्कांचा हप्ता झाला ८.५ कोटी. पाच कोटींची शिल्लक ७० लाखांवर आली. जाहिरातींची भर घातली तरी त्यातून ट्रक, कॅमेरे, समालोचक, प्रवास आणि कर्जाचं व्याज निघायचं आहे. सामने बघणारे तेवढेच राहिले तरी हे घडतं, कारण केबल तोडून गेलेली बरीच घरं सामने बघतच नव्हती. पैसे मात्र देत होती.

आता प्रत्यक्ष घडलं ते. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्सची मालमत्ता घेतली तेव्हा ईएसपीएन आधीच त्यांच्याकडे असल्याने न्याय खात्याने प्रादेशिक वाहिन्या विकायला लावल्या. येस वगळता २१ वाहिन्या सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने १०.६ अब्ज डॉलर मूल्यावर घेतल्या, त्यातले सुमारे आठ अब्ज कर्जाचे, आणि ते डायमंड स्पोर्ट्स ग्रुप या उपकंपनीवर टाकलं. व्यवहार पुरा होण्याआधीच, जुलै २०१९ मध्ये, डिश नेटवर्क या उपग्रह सेवेवरून या वाहिन्या गेल्या होत्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये यूट्यूब टीव्हीवरूनही गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये १४ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता भरला नाही, आणि १४ मार्चला दिवाळखोरीचा अर्ज. मेअखेर सॅन दिएगो पाद्रेज या बेसबॉल संघाचे पैसे थकले तेव्हा मेजर लीग बेसबॉलने त्यांचं प्रक्षेपण रातोरात स्वतःकडे घेतलं. समालोचक तेच ठेवले, त्यामुळे सामना चुकला नाही. शिवाय महिना १९.९९ डॉलरमध्ये त्या संघाचे सामने त्याच्या हद्दीतही स्ट्रीमिंगवर उघडले.

---

तार_आणि_तबकडी

हिशेब पटला, पण सगळा दोष कर्जावर आणि केबल तोडण्यावर टाकायला मी तयार नाही. ह्यूस्टनचं उदाहरण त्याच्या आधीचं आहे. कॉमकास्ट स्पोर्ट्सनेट ह्यूस्टन २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. मालक अ‍ॅस्ट्रोज हा बेसबॉल संघ, रॉकेट्स हा बास्केटबॉल संघ आणि कॉमकास्ट, आणि मोठ्या निर्णयाला तिघांची संमती हवी. इतर केबल आणि उपग्रह कंपन्यांशी दराचा करारच जुळेना, कारण एका मालकाला मान्य होणारा दर दुसऱ्याला परवडेना. वाहिनी ह्यूस्टनमधल्या निम्म्याहून कमी घरांत पोचली. सप्टेंबर २०१३ मध्ये अ‍ॅस्ट्रोजच्या एका सामन्याला प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचं ०.० रेटिंग मिळालं, म्हणजे नमुन्यातल्या एकाही घरात तो लावला गेला नाही. त्याच महिन्यात प्रकरण दिवाळखोरी न्यायालयात गेलं. तिथे घरं कमी होण्याआधीच वितरण फसलं होतं.

तेव्हा टिपणात प्रत्येक वाहिनीपुढे 'धोका कोणाच्या डोक्यावर' हे लिहा. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्स या बेसबॉल संघाने टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा ८.३५ अब्ज डॉलरचा करार केला. २५ फेब्रुवारी २०१४ ला स्पोर्ट्सनेट एलए सुरू झाली, आणि डायरेक्टीव्ही या उपग्रह सेवेवर यायला एप्रिल २०२० लागला. तोटा केबल कंपनीने सोसला. क्लबचे पैसे पक्के होते. प्रेक्षकांचं मात्र न भरून येणारं नुकसान झालं. १९५० पासून समालोचन करणारे व्हिन स्कली २०१६ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांची अखेरची तीन वर्षं शहरातल्या असंख्य घरांत पोचलीच नाहीत. शेवटचे काही सामने तेवढे मोफत वाहिनीवर दाखवले. ह्या गोष्टीला पैशात मोजता येणार नाही.

---

नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची अडचण: नावं इतक्यांदा बदलतात की वाहिनीचा वंशवृक्ष काढता येत नाही.

---

हक्क_आणि_हप्ते

तीन रकाने वेगळे ठेवा: पाटीवरचं नाव, मालक, आणि कोणत्या संघाचे हक्क कोणत्या वर्षी. नावावरून मालक ओळखायला जाऊ नका. २०२१ च्या मार्चअखेर 'बॅली स्पोर्ट्स' आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'फॅनड्युएल स्पोर्ट्स नेटवर्क' ही नावं आली ती नाव लावण्याचे हक्क विकून.

सर्वांत फसवं उदाहरण प्राइम टिकिटचं. १९८५ ची मूळ प्राइम टिकिट १९९४ मध्ये प्राइम स्पोर्ट्स झाली, १९९६ मध्ये फॉक्स स्पोर्ट्स वेस्ट, २०२१ मध्ये बॅली स्पोर्ट्स वेस्ट. दरम्यान १९९७ मध्ये त्याच शहरात फॉक्स स्पोर्ट्स वेस्ट २ नावाची दुसरी वाहिनी निघाली आणि २००६ मध्ये तिला 'प्राइम टिकिट' हे जुनं नाव दिलं गेलं. तीच पुढे बॅली स्पोर्ट्स सोकॅल. म्हणजे २००६ नंतरच्या मजकुरात प्राइम टिकिट दिसलं तर ती बस-डॅनियल्स यांची वाहिनी नव्हे. आणि लेकर्सचे सामने तर २०१२ च्या ऑक्टोबरमध्येच टाइम वॉर्नर केबल स्पोर्ट्सनेटकडे गेले होते, तेव्हा तिसऱ्या रकान्यात त्यांची ओळ तिथे संपवून नवी सुरू करा.